पुढचा हात आखूड

कूलर बंद केला. पंखाही.
वारा असला की तराजू खोटं बोलतो.

उम्म अल कुवैनची जुनी धावपट्टी, कडेला पत्र्याची शेड,
रात्रीचे अडीच, बनियन पाठीला चिकटलेलं,
आणि दोन पोलादी धारांवर आडवा टेकवलेला रडर.
एप्रिलमध्ये मी इथेच तोलला होता,
तेव्हा उघडा पत्रा होता, हिरवट प्रायमर,
पातळीनळीतला बुडबुडा मधोमध झोपलेला.
आता रंग चढला
आणि मागची कड हळूच खाली गेली,
शेवटच्या तासाला मान टाकणाऱ्या पोरासारखी.

खलफान म्हणतो, "रंग में क्या वजन, भाई?"
तेहतीस वर्षं त्याने बंदरात जहाजं आत आणली.
जहाजाला रंग टनांनी लागतो, कोण मोजतं?

मी मोजतो.
वही उघडून दाखवली: रंगाआधी, रंगानंतर,
एकशे अडतीस ग्रॅम.
रडर मागे जड झाला तर वेगात थरथर सुटते,
खिडकीत पडदा फडफडतो तशी.
पडदा फाटला तर खिडकी तरी राहते.

शेर बहादरला ते लागलं.
शारजात गाड्या रंगवतो, मूळचा स्वातचा,
दिवसाच्या उन्हात रंग हवेतच वाळतो म्हणून
चार रात्री जागून त्याने हात मारले.
"मेरा काम कच्चा है क्या?"
नाही रे. पक्कं आहे, हीच तर अडचण.
दोन हात सांगितले होते, तू पाच मारलेस.
आरशात पाहावं असा रडर झालाय,
दाढी करता येईल.

आणि वर ते नाव.
निळ्या अक्षरांत शम्मा.
अरबी उजवीकडून सुरू होते,
त्यामुळे पहिलं अक्षर थेट मागच्या कडेला,
त्यावरचे तीन ठिपके सगळ्यात लांब.
नावाआधी वजन केलं होतं, नावानंतरही.
नऊ ग्रॅम.
खलफान म्हणाला, "बाकी सब घिस डालो. नाम नहीं."
कोण, ते मी विचारलं नाही.

घासणार काहीच नव्हतो.
पुढच्या शिंगात शिसं वाढवायचं, बस.
पण पुढचा हात आखूड, मागचा लांब:
मागे एक ग्रॅम चढला की पुढे जवळपास पाच द्यावे लागतात.
जितकं लांब, तितकं जड.
काल भरडखोलहून फोन आला होता, दीड मिनिटाचा.
मी रडरबद्दल बोलतोय.

शिसं मासळीबाजारामागच्या दुकानात मिळालं,
जाळ्याला ओवतात त्या गोळ्या, किलोवर.
मूठभर घेतल्या आणि हाताने लगेच ओळखल्या.
बाबांच्या पागाला ह्याच होत्या,
तो खांद्यावरून भिरकावला की
पाण्यावर आधी गोळ्यांचं रिंगण वाजायचं,
मग जाळं.
बुडण्यासाठी ओतलेलं शिसं
स्टोव्हवर पुन्हा वितळवलं, दाराबाहेर, तोंडाला फडकं बांधून,
साच्यात ओतलं. गार झालं.
थोडं जास्तच घेतलं होतं. कमी करणं सोपं असतं.

आता कानस.
दोन घासे, थांब, बघ.
एक घासा.
करडी भुकटी वर्तमानपत्रावर पडते, तीही मी फेकत नाही,
कधीकधी हात पुढे जातो.
मागची कड उठली.
बुडबुडा सरकला, अडला, परत निघाला.
खलफान वाकून बघतोय,
त्याला म्हटलं, श्वास तिकडे सोड.
त्याने तोंडच दाबून धरलं, साठीचा माणूस.

बाहेरून शेर बहादर: "उस्ताद, पंखा चालू करूँ?"

थांब जरा.
बुडबुडा रेघेपाशी आलाय, पण अजून हलतोय.
आणि दोन्ही एलेव्हेटर
भिंतीला टेकून उभे आहेत, चकाकत.